शिट्टी गळ्यात अडकवण्याआधी

अगं, चौदा वर्षांखालच्या मुलींना खो-खो शिकवायला लागणार म्हणालीस, फार बरं वाटलं. आता तुझा प्रश्न: "ताई, कडक वागू की मायेनं?" मला विचारशील तर दुसऱ्या कुणासारखी वागू नकोस, एवढंच. मुलींना उसना आवाज लगेच कळतो.

आचरेकर सरांचं नाव घेऊन ओरडणारे प्रशिक्षक तुला खूप भेटतील. सामना चुकवला म्हणून सरांनी सचिनला झापलं होतं, ते सगळ्यांना पाठ असतं. पण तेच सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, त्याला जास्त सामने खेळायला मिळावेत म्हणून. त्या रागाला या धावपळीचा आधार होता. नुसता राग उचलून काय उपयोग? तुझा आवाज मुळात हळू आहे, तर हळूच बोल. मात्र साडेपाचचा सराव म्हटलास की साडेपाचला मैदानावर तू आधी हवीस.

खरी परीक्षा संघ निवडताना होते. संघात १२ जणी, मैदानात उतरणार ९. उरलेल्या तिघींना यादी वाचून दाखवताना कळू देऊ नकोस. आदल्या दिवशी एकेकीला बाजूला घे, कारण सांग: "खांबाकडून वळताना तुझा वेग कमी पडतोय, त्यावर आपण दोघी काम करू." रडेल बिचारी, रडू दे. पण "पुढच्या सामन्यात नक्की घेते" असं तिला गप्प करायला म्हणू नकोस.

आणखी एक. खो देताना हात पाठीला लागलाच नाही, पंचांच्या नजरेतून सुटलं, समोरचा गडी टिपून झाला, असं कधीतरी होणार. तेव्हा सगळ्या मुली तुझ्या तोंडाकडे बघतील. सामन्यानंतर स्पष्ट सांग, तो खो चुकीचा होता, आणि दुसऱ्या दिवशीचा सराव त्यावरच घे. जन्मदाखल्यात फेरफार करून मोठी मुलगी खेळवा म्हणून कुणी गळ घातली, तर तिथं मात्र आवाज चढव.

पाळीबद्दल तू स्वतःहून, पहिल्याच आठवड्यात बोल. नाहीतर पोट दुखत असतानाही त्या सूर मारत राहतील आणि तुला कळणारही नाही.

पालकांचं म्हणशील, तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी तो जिंकला. आता आया विचारणारच, "आमची जाईल का तिथवर?" माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. तिचं आज काय चांगलं आहे, ते मात्र नेमकं सांग.

पहिली निवड कधी आहे? त्या तिघींशी बोलून झालं की मला फोन कर. कितीही उशीर झाला तरी चालेल.