आधी विचार, मग पाना उचल

बापू, गॅरेज टाकतोयस तर हे नीट ऐकून ठेव. रेस दिली की चालते आणि पाय काढला की बंद पडते, अशा गाडीवर लोकांचे फार पैसे वाया जातात. कुणी प्लग बदललेले असतात, कुणी पेट्रोलचा पंप, आणि गाडी पुसद नाक्यावर थांबली की पुन्हा बंद.

म्हणून बॉनेट उघडण्याआधी विचार, नेमकी कधी बंद पडते? सकाळी थंड असताना की तापल्यावर? एसी लावला की? ब्रेक दाबला की? घाई करू नकोस, माणसाला आठवू दे. डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हापासून एक तक्रार हमखास येते: नागपूरहून १२० नं आलो, शेलूबाजारला उतरलो आणि टोलनाक्यावर इंजिन बसलं. तो बिचारा घाबरलेला असतो, इंजिनच गेलं म्हणतो. त्याला आधी धीर दे. जे इंजिन तासनतास १२० नं धावलं त्याचं कॉम्प्रेशन शाबूत आहे, पंपही बहुतेक ठीक आहे. दोष शोधायचा तो स्लोच्या हवेत.

पाय काढला की थ्रॉटलची चकती जवळपास मिटते. मग सातशे-आठशे आरपीएमवर, म्हणजे स्लोवर, इंजिन जगतं ते चकतीच्या कडेनं किंवा आयडल व्हॉल्व्हच्या बारीक वाटेनं येणाऱ्या हवेवर. तिथं काजळी धरली की श्वास कोंडतो. रेस दिली की चकती उघडते, म्हणून दोष लपतो. जुन्या कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला स्लो जेट तुंबला की हेच व्हायचं. तेव्हा स्क्रू फिरवून भागायचं, आता तसं भागत नाही.

थ्रॉटल बॉडी सोडव, क्लीनर मऊ कापडावर घे आणि चकतीची कड दोन्ही बाजूंनी पूस. पॉलिश पेपर लावायचा नाही. मोटरवर चालणारी थ्रॉटल असेल तर चावी चालू असताना चकतीत बोट घालू नकोस. मोटर बोट चेपते आणि गिअरही मोडतात. साफ केल्यावर स्लो कधी कधी उलट चढतो. काजळी धरून चालायची सवय कॉम्प्युटरला झालेली असते, त्याला पुन्हा शिकवावं लागतं. त्याची रीत त्या कंपनीच्या पुस्तकात असते, तीच पाळ.

दुसरी गोष्ट, चोरवाटेनं शिरणारी हवा. आपल्याकडे सोयाबीन घरात आलं की उंदीरही येतात. गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीचे व्हॅक्यूमचे रबरी पाइप ते कुरतडतात. वरून पाइप धड दिसतो, म्हणून खालून बोट फिरव. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप दाबून बघ. ज्यानं स्लो सुधारला तो धर. तापलेल्या मेनिफोल्डवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे मिस्त्री तू पाहशील. तसं करू नकोस, आग लागते.

ब्रेक दाबल्यावरच बंद पडत असेल तर पेडलपाशी कान लाव. पाय दाबून धरला असताना सूं सूं चालूच राहिलं तर बूस्टरचा पडदा फाटलाय. हे स्लोचं दुखणं समजून सोडायचं नाही. ब्रेक जड होतो, जीव जाऊ शकतो. अशी गाडी चालवत घरी जाऊ देऊ नकोस, मालक कितीही घाईत असो.

मे महिन्यात एसी लावला की बंद पडणाऱ्या गाड्या येतील. कॉम्प्रेसर ओढ घेतो तेव्हा कॉम्प्युटरनं स्लो उचलायला हवा. तुंबलेल्या वाटेनं तो उचलला जात नाही. पुन्हा थ्रॉटलच. मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर मात्र आधी काढ, भुसकटानं पार बुजलेला असतो.

पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली गाडी असेल तर पेट्रोलवर संशय घे. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाला बसतं. पारदर्शक बाटलीत थोडं काढून ठेव, थर दिसेल. डिझेलच्या गाडीची तऱ्हा वेगळी: फिल्टरमधलं पाणी सोड, लाइन हवा ओढते का ते बघ.

स्कॅनर जरूर लाव, पण त्याचा आकडा म्हणजे निकाल नव्हे. पी०१७१ आला की पोरं ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तू फ्युएल ट्रिम बघ. स्लोवर चढलेला आणि अडीच हजार आरपीएमवर सरळ येणारा ट्रिम हवेच्या गळतीकडे बोट दाखवतो. हे हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांत चोख लागू पडतं. मॅप सेन्सरच्या गाडीत गळती असेल तर स्लो बहुधा चढून राहतो किंवा वरखाली होतो.

तापल्यावर बंद पडून अर्धा तास चालूच होत नसेल तर हे सगळं बाजूला ठेव आणि क्रँक सेन्सर तपास.

काम झालं की रेडिएटरचा पंखा दोनदा लागून थांबेपर्यंत गाडी स्लोवर ठेव. मग एसी, दिवे, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलेलं, पाय ब्रेकवर, सगळं एकदम. मालकाला शेजारी बसव आणि त्याच्या डोळ्यांदेखत हे कर. काढलेला फाटका पाइप त्याच्या हातात दे, मग बिल सांग.