सामना घरून पाहायचा, तर किती मोजायचे?

नंदुरबारहून सुरतमार्गे मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीचा सामना संध्याकाळी साडेसातला सुरू झाला, तर संपेपर्यंत साडेनऊ वाजतात. मग रात्रीचा मुक्काम किंवा रात्रीची गाडी, आणि दुसऱ्या दिवसाची रजा किंवा बुडालेली मजुरी. धडगाव-मोलगीकडच्या माणसाला तर आधी नंदुरबार गाठायचं असतं. त्यामुळे जिल्ह्यातल्या बहुतेक फुटबॉलप्रेमींसाठी सामना म्हणजे थेट प्रक्षेपणच.

त्याचे किती पैसे देणं रास्त? अ‍ॅपवर दिसणाऱ्या आकड्याकडे पाहून हे ठरवू नका. खरा हिशेब एका ओळीचा आहे: पासची किंमत भागिले तुम्ही प्रत्यक्ष पाहणार असलेले सामने, अधिक त्या सामन्यासाठी वेगळा विकत घ्यावा लागणारा डेटा. उपलब्ध सामने किती, हा प्रश्नच गैरलागू आहे. अ‍ॅपवर शेकडो सामने असतील, पण तुम्ही पाहणार त्यातले दहा-बारा.

पासचा हिशेब

फेब्रुवारी २०२५मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा त्याचा मोबाइलपुरता पास तीन महिन्यांना १४९ रुपये आणि वर्षाला ४९९ रुपये होता. नमुन्यासाठी हेच आकडे धरू. पैसे भरताना त्यांच्या जागी पडद्यावर दिसणारा आकडा घाला, कारण दर आणि योजना बदलत राहतात.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एक संघ हंगामात ३८ सामने खेळतो. आपल्या संघाचा एकही सामना न चुकवणाऱ्याला वर्षाचा पास सामन्यामागे तेरा रुपयांना पडतो. तीन महिन्यांत फक्त दोन मोठ्या लढती पाहणाऱ्याला १४९ रुपयांचा पास सामन्यामागे पाऊणशेला पडतो. अ‍ॅप तेच, पण पाहणाऱ्याच्या सवयीप्रमाणे किंमत जवळपास सहापट.

वर्षाचा पास घेण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. प्रक्षेपणाचे हक्क एका कंपनीकडे कायमचे नसतात. २०१४मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग आधी अनेक वर्षं स्टारकडे होती, २०२३-२४च्या हंगामात ती जिओसिनेमावर गेली, आणि पुढे जिओसिनेमा आणि हॉटस्टार ही दोन अ‍ॅपच एक झाली. म्हणून हंगामाचं वेळापत्रक जाहीर झाल्यावर, सामने कुठे दिसणार हे लीगच्या किंवा क्लबच्या अधिकृत पानावर पाहून मगच पैसे भरा. हंगाम आठ-दहा महिन्यांचा आणि तुम्ही नियमित पाहणारे असाल तर वर्षाचा पास घ्या. नाहीतर तीन महिन्यांचा पुरे. फॅनकोडसारख्या अ‍ॅपवर काही स्पर्धांसाठी एका सामन्यापुरता किंवा एका स्पर्धेपुरता पासही मिळतो. मोजकेच सामने पाहणाऱ्याला तो बहुधा स्वस्त पडतो.

घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा पास टीव्हीवर चालतो का? मोबाइलपुरता पास टीव्हीवर चालत नाही. आणि एका वेळी किती ठिकाणी पाहता येतं?

डेटा: लपलेला खर्च

पासपेक्षा डेटा महाग पडू शकतो, आणि हिशेब इथेच चुकतो. चित्राचा वेग सेकंदाला एक मेगाबिट असेल तर तासाला सुमारे ४५० एमबी खर्च होतात. मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून सामना दोन तासांचा समजा.

- ४८०पी, वेग सुमारे सव्वा मेगाबिट: दोन तासांना सव्वा जीबीच्या आत
- ७२०पी, वेग सुमारे अडीच मेगाबिट: सव्वादोन जीबी
- १०८०पी, वेग सुमारे पाच मेगाबिट: साडेचार जीबी

अ‍ॅपनुसार हे आकडे थोडे खाली-वर होतात, पण अंदाजाला पुरेसे आहेत.

जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २९९ रुपयांना झाला. म्हणजे रोजच्या कोट्यातला एक जीबी सात रुपयांच्या आसपास. कोटा संपल्यावर घेतलेला एक जीबीचा वाढीव पॅक मात्र १९ रुपयांचा. ४८०पीवर पाहिलेला सामना रोजच्या कोट्यात बसतो आणि तेरा रुपयांतच आटपतो. ७२०पीवर एक वाढीव पॅक लागतो, आणि तोच सामना बत्तीस रुपयांना पडतो. सहा इंचांच्या पडद्यावर या दोन चित्रांत एकोणीस रुपयांचा फरक दिसतो का, हे एकदा स्वतः पाहून ठरवा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दर्जा ‘ऑटो’वर सोडू नका, हातानं निवडा.

रात्रीच्या सामन्यांसाठी एक युक्ती आहे. रोजचा कोटा रात्री बाराला नव्यानं सुरू होतो. हिवाळ्यात चॅम्पियन्स लीगचे बरेच सामने आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात. ते पूर्णपणे दुसऱ्या दिवसाच्या कोट्यात येतात. शनिवारी रात्री अकराला सुरू होणारा इंग्लिश सामना तर दोन दिवसांच्या कोट्यांत विभागला जातो. दिवसभर रील पाहून कोटा संपवला नाही, तर त्या रात्री वाढीव पॅक लागत नाही.

घराजवळ फाइव्ह-जी मिळत असेल आणि तुमच्या रिचार्जमध्ये ते अमर्याद असेल, तर डेटाचा खर्च शून्य धरा. सातपुड्यातल्या पाड्यांवर मात्र आधी नेटवर्क तपासा. एखादा फुकट व्हिडिओ सामन्याच्याच वेळी, सामना पाहणार त्याच जागी बसून, पंधरा मिनिटं चालवून पाहा. तो अडखळत असेल तर कितीही स्वस्त पास महागच.

टीव्ही आणि सामूहिक पाहणं

ज्यांच्या घरी केबल किंवा डीटीएच आहे त्यांनी क्रीडावाहिन्यांचा मोठा गठ्ठा घेण्याआधी एकेका वाहिनीचा स्वतंत्र दर पाहावा. ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी घेता येते. हंगाम संपला की ती बंद करायला विसरू नका. डीडी फ्री डिशला महिन्याचं शुल्क नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या क्रीडास्पर्धांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला देणं २००७च्या कायद्यानं बंधनकारक आहे. त्यामुळे मोठ्या स्पर्धेआधी डीडी स्पोर्ट्सचा कार्यक्रम पाहून घेणं फायद्याचं.

पाच मित्रांनी एका घरी बसून टीव्हीवर चालणाऱ्या पासवर सामना पाहिला, तर पास आणि डेटा दोन्हींचा खर्च पाचांत वाटला जातो. मंडळानं चौकात पडदा लावून माणशी दहा रुपये घेणं मात्र वेगळं. पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७नुसार हक्कभंग ठरतो. अ‍ॅपचा घरगुती पासही अशा वापरासाठी नसतो. टेलिग्रामवरच्या फुकट लिंकचं तर नावच काढू नका. तिथे सामना मिळण्याआधी फोनमध्ये नको ते अ‍ॅप शिरण्याची शक्यता जास्त.

आपल्या पोरांचा सामना असेल तर

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. नंदुरबारचा संघ जिल्ह्याबाहेर पडला की नाशिक विभागात खेळतो. आश्रमशाळेतल्या मुलीचा सामना पाहायला तळोद्याहून आई-वडील दोघं जाणार कसे? एसटीत महिलांना निम्मं भाडं आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आहे, तरी दिवस जातोच. अशा वेळी कुणीतरी मोबाइलवरून थेट दाखवतो आणि पैसे मागतो. रास्त किती?

खर्च मांडून पाहा. यूट्यूबवर थेट दाखवायला शुल्क नाही. मोबाइलवरून दाखवायला चॅनलचे किमान ५० सदस्य लागतात आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ जातो, म्हणून तयारी आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा. ७२०पीवर दोन तास दाखवायला सुमारे साडेतीन जीबी डेटा लागतो. सहा जीबीचा ६९ रुपयांचा पॅक धरा. चित्रण करणाऱ्याची दिवसाची मजुरी ८०० आणि त्याचा प्रवास ३०० गृहीत धरला, तर एकूण ११६९ रुपये. साठ घरं पाहणार असतील तर घरटी वीस रुपये. पन्नास रुपये कुणी मागत असेल, तर उरलेले तीस कशाचे हे विचारा. दोन कॅमेरे, समालोचन किंवा पुन्हा पाहायला चित्रफीत मिळत असेल तर ते पटण्यासारखं आहे. त्याहून बरा मार्ग म्हणजे गावातल्या दोन-तीन दुकानदारांच्या जाहिराती घेऊन प्रक्षेपण सर्वांना खुलं ठेवणं. खेळाडू अल्पवयीन असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या.

आयोजकांनी दर ठरवताना २०२०चा एक दाखला लक्षात ठेवावा. कोरोनामुळे प्रेक्षकांना मैदानबंदी असताना प्रीमियर लीगनं ऑक्टोबरमध्ये काही सामन्यांसाठी वेगळे १४.९५ पौंड, म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे चौदाशे रुपये, आकारायला सुरुवात केली. आधीच वर्गणी भरणारे चाहते संतापले. न्यूकॅसलच्या चाहत्यांनी ते पैसे स्थानिक अन्नपेढीला दिले. नोव्हेंबरमध्ये योजना गुंडाळली गेली. त्याच हिवाळ्यात इंडियन सुपर लीगचा सगळा हंगाम गोव्यात बंद मैदानांवर झाला आणि मुंबई सिटीनं तो जिंकला. ते सामने हॉटस्टारच्या नेहमीच्या वर्गणीत दिसत होते. प्रेक्षकाला येता येत नाही ही त्याची अडचण आहे. तिचा भाव लावणाऱ्याला गिऱ्हाईक सोडून जातं.

पैसे अडकले तर

पास घेताना आपोआप नूतनीकरणाची खूण असते. स्वयंचलित कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तिची वाट न पाहता, पास घेतल्या दिवशीच यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन संमती रद्द करा. भरलेली मुदत संपेपर्यंत पास साधारणपणे चालू राहतो; अ‍ॅपची अट तेवढी वाचून घ्या. वर्गणी सुरू करणं सोपं पण बंद करणं मुद्दाम अवघड, हा प्रकार २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहे.

प्रक्षेपण बंद पडलं तर वेळ आणि पावतीचा क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि आधी अ‍ॅपकडे लेखी तक्रार करा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मोठ्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी मुंबईची असली तरी २०१९च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे नंदुरबारला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही.

थोडक्यात कोणी काय घ्यावं

- दर आठवड्याला एकाच संघाचे सामने पाहणारे: हंगामाच्या सुरुवातीला वर्षाचा पास, ४८०पी
- महिन्यातून एखादा सामना पाहणारे: एका सामन्याचा पास, नाहीतर मित्राचं घर
- फक्त मोठ्या स्पर्धा पाहणारे: स्पर्धेपुरता पास, आधी डीडी स्पोर्ट्सचं वेळापत्रक
- नेटवर्क अडखळणाऱ्या गावातले: पासऐवजी फ्री डिश किंवा सुटी वाहिनी

पैसे भरायच्या आधी येत्या तीन महिन्यांत पाहणार ते सामने कॅलेंडरवर खुणा करून मोजा. पाचपेक्षा कमी भरले, तर लांब मुदतीचा पास घेऊ नका.