एकस्तर असूनही बदलीचा अर्ज?

प्रश्न : माझा भाचा गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात नोकरीला लागला. बाहेरच्या सोबत्यांपेक्षा पगार जास्त, तरी रुजू झाल्यापासून बदलीच्या मागे आहे. आजकालच्या पोरांना निष्ठाच उरली नाही का?
– एक वाचक, नागभीड

उत्तर : भाच्याला बोल लावण्याआधी 6 ऑगस्ट 2002 चा शासन निर्णय बघा. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला एकस्तर, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. शिवाय मूळ वेतनाच्या 15 टक्के प्रोत्साहन भत्ता. पण त्याला 1,500 रुपयांची कमाल मर्यादा घातलेली. पद वाढत नाही, आणि बाहेर बदली झाली की पगार पुन्हा मूळ श्रेणीवर. या सगळ्यावर बक्षीस काय, तर ठरावीक काळ काढला की पसंतीच्या ठिकाणी बदली! शासनच ‘दिवस काढा’ म्हणते, तर पोरगा दिवस मोजणारच. त्यात पुढारी रागावला की ‘गडचिरोलीला पाठवतो’ म्हणून दम देतो, ते वेगळेच.

पैशाचेही ऐका. पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद. मुलांच्या शाळेपायी बायको चंद्रपूर नाहीतर नागपूरला. दोन बिऱ्हाडांत एकस्तर कधीच जिरतो.

मग टिकते कोण? गडचिरोलीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या आमटे आणि बंग कुटुंबांचा दाखला आपण लगेच देतो, पण तशा मोजक्या माणसांवर सरकारी खाते चालत नाही. मला जास्त बोलके वाटते ते बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या आरोग्यदूतांचे काम. 39 गावांत तिथल्याच बायकांना तान्ह्या बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणेसुद्धा शिकवले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला होता. या बायका गावच्याच, हे खरे. पण त्यांच्या हाती कसब आले, त्या कसबावर विश्वास टाकला गेला आणि वाचवलेले पोर त्यांच्याच गल्लीत रांगू लागले. त्या मानाने कितीतरी जास्त पगाराच्या नोकऱ्यांत एवढे मिळत नाही.

रुजू झाल्यापासून नवे काय शिकायला मिळाले, साहेब कधी त्याच्या कामाच्या जागी येऊन बसले का, हे भाच्याला एकदा विचारा. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, तर त्याचा बदलीचा अर्ज मीच लिहून देतो.