अर्ज कर, पण सांगून कर

नोकरी शोधणाऱ्या भाच्याला मामाचे कानमंत्र

"ऑनलाइन एवढे अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. मामा, सगळं वशिल्यावर चालतं." ही तक्रार तुझ्या आधी कितीतरी पोरांनी माझ्यापुढे केली आहे. माझी सारी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, भरतीच्या टेबलामागे गेली. त्यामुळे टेबलापलीकडे काय चालतं ते मला ठाऊक आहे. तुझी तक्रार अर्धी खरी आहे. नुसता अर्ज बुडतो, हे खरं. पण नुसती ओळखही बुडते, हे तुला अजून कळलेलं नाही. ज्याचा अर्ज नीट आहे, आणि तो आलाय हे आतल्या एका तरी माणसाला माहीत आहे, त्याला फोन जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पुढचं सगळं सांगतोय ते एवढ्यासाठीच.

तू शोधतोस, तसं तुलाही कुणी शोधत असतं

आमच्या वेळी सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्ड जपून ठेवायचं आणि पोस्टमनची वाट बघायची. 1997 साली संजीव बिखचंदानींनी नोकरी डॉट कॉम सुरू केलं, 2003 मध्ये लिंक्डइन आलं, आणि पोस्टमन सुटला. वाट बघणं मात्र तसंच राहिलं, कारण पोरं अर्जाचं बटण दाबतात आणि थांबतात.

भरती करणारा माणूस काय करतो ते ऐक. एका जागेसाठी अर्जांचा ढीग येतो. तो सगळे वाचत बसत नाही. अनुभव किती, राहतोस कुठे, रुजू कधी होशील, पगाराची अपेक्षा काय, अशा चाळण्या लावतो आणि उरतील तेवढेच उघडतो. पुष्कळदा तो अर्जांकडे वळतही नाही. साइटवरच्या लाखो प्रोफाइलमध्ये शब्द टाकून स्वतःच माणूस शोधतो, आणि त्यातही नुकतेच साइटवर येऊन गेलेले उमेदवार आधी बघतो. म्हणून प्रोफाइल एकदा भरून विसरायचं नाही. दर आठवड्याला उघडायचं, एखादी ओळ सुधारायची, नोटीस पिरियडच्या रकान्यात खरी माहिती ठेवायची. तू लगेच रुजू होऊ शकतोस, तर तसं स्पष्ट लिही. तीन महिन्यांची नोटीस असलेल्या अनुभवी माणसापेक्षा पुढच्या सोमवारी येणारा नवखा कधी कधी बाजी मारतो.

शब्दांचं तेवढं जप. तू क्वालिटीत काम शोधतोस. जाहिरातीत "सीएमएम", "एसपीसी", "पीपीएपी" असं लिहिलेलं असेल आणि तू ते शिकला असशील, तर तेच शब्द रेझ्युमेत हवेत, आद्याक्षरांतही आणि पूर्ण नावानंही. शोधणारा दोन्हींपैकी काय टाइप करेल सांगता येत नाही. जे येत नाही ते मात्र लिहू नकोस. मुलाखतीत समोर ड्रॉइंग ठेवून "हा टॉलरन्स वाच" म्हटलं की दोन मिनिटांत सगळं उघडं पडतं.

रेझ्युमे एका पानाचा, खरा आणि साधा

नवख्याला एक पान पुरतं. दोन कॉलम, चौकटी, रंगीत पट्ट्या, कौशल्यांपुढे चांदण्या, हे सगळं काढून टाक. कंपन्यांचं सॉफ्टवेअर असा मजकूर वाचताना गोंधळतं आणि तुझा अनुभव भलत्याच रकान्यात जाऊन बसतो. फाइल पीडीएफ हवी, पण छापील कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, कारण त्यातलं अक्षर मशीनला शोधता येत नाही. फाइलचं नाव "न्यू रेझ्युमे फायनल 3" असलं की डाउनलोड केल्यावर ती कुणाची तेच कळत नाही. स्वतःचं नाव आणि पद, एवढंच ठेव.

वडिलांचं नाव, लग्न झालंय का, जात, धर्म, तळाशी सहीचं प्रतिज्ञापत्र, काही नको. आधार आणि पॅन क्रमांक तर अजिबात नको. तो कागद कुणाकुणाच्या हाती जातो याचा पत्ता लागत नाही.

"कष्टाळू, प्रामाणिक, संघभावनेनं काम करणारा" हे सगळेच लिहितात, म्हणून कुणीच वाचत नाही. तू शेवटच्या वर्षी कास्टिंगमधल्या रिजेक्शनवर प्रोजेक्ट केलास ना? कुठला पार्ट, दोष कोणता, कारण कसं शोधलं, आकडा कितीवरून कितीवर आला, हे दोन ओळींत लिही. त्या दोन ओळींवर मुलाखतीतले निम्मे प्रश्न येतील, आणि ते प्रश्न तुझ्या आवडीचे असतील.

थोडे अर्ज, पण लक्षात राहणारे

लग्नाच्या पत्रिका वाटल्यासारखे अर्ज वाटू नकोस. एक वही घाल. कंपनी, पद, तारीख, कुठला रेझ्युमे पाठवला, आत कोण ओळखीचं, पुढचा फोन कधी, असे रकाने आख. एचआरचा फोन आल्यावर "कुठल्या कंपनीतून बोलताय?" असं विचारणारा उमेदवार तिथेच मनातून उतरतो. वही उघडी असेल तर तू म्हणशील, "हो मॅडम, पंधरा तारखेला अर्ज केला होता." बोलण्याचा सूरच बदलतो.

साइटवर जाहिरात दिसली की त्या कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर ती आहे का बघ. तिथे असली तर जागा खरी असण्याची खात्री वाढते आणि जॉब आयडीही मिळतो. तो आयडी पुढे ओळखीच्या कामाला येतो.

सरकारी वाटेकडेही पाठ फिरवू नकोस. राज्याचं महास्वयम पोर्टल आणि केंद्राचं 2015 पासूनचं नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्हींवर नोंदणी फुकट आहे, आणि जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यांची माहिती महास्वयमवर मिळते. शिवाय अप्रेंटिसशिप आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. स्टायपेंड बघून नाक मुरडू नकोस. त्या वर्षात तू कारखान्याच्या आत असतोस, आणि जागा सुटल्याचं आतल्यांना आधी कळतं.

जवळच्यांपेक्षा लांबचे कामाला येतात

ओळखी म्हटलं की तुला मी आणि तुझे बाबा आठवतो. आम्हाला जे माहीत आहे ते तुलाही माहीत असतं, त्यामुळे आमचा उपयोग थोडा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, की ज्यानं मदत केली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणाऱ्यांकडून मदत झालेले सहात एक निघाले. बाकीच्यांना मदत झाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांची. हा निबंध 1973 चा. पुढे 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे 2 कोटी लिंक्डइनधारकांवरचा प्रयोग आला. त्याचाही कल तोच होता. अगदी घट्ट ओळख नव्हे आणि अगदी अनोळखीही नव्हे, मधली ओळख नोकरी बदलायला सर्वात उपयोगी पडली.

आता आपल्याकडची मधली माणसं मोज. कॉलेजचे दोन-तीन वर्षं पुढचे सीनियर. प्रोजेक्टला गेलास तिथला सुपरवायझर. गावच्या गणेश मंडळातला, आता रांजणगावला असलेला. मेसमध्ये शेजारी जेवणारा. आणि ज्यांना कुणीच विचारत नाही ते: गेज कॅलिब्रेशनला येणारा, टूल विकणारा सेल्स इंजिनिअर, कारखान्याला डाय पुरवणारा भोसरीचा वर्कशॉपवाला. ही माणसं दर आठवड्याला कितीतरी गेटांतून आत जातात. कुठे नवी लाइन बसते आहे, कुठे रात्रपाळी सुरू होणार, कुठला क्वालिटी इंजिनिअर सोडून चाललाय, हे त्यांना जाहिरातीच्या आधी कळतं.

नोकरी मागू नकोस, नेमकं काम सांग

"दादा, माझं कुठेतरी बघा ना" या वाक्यावर समोरचा "हो, बघतो" म्हणतो आणि विषय संपतो. तो वाईट नसतो. काय बघायचं ते त्याला कळत नाही. त्याला पुढे पाठवता येईल असं काहीतरी दे. असं लिही:

"नमस्कार दादा, मी आपल्या कॉलेजचा, यंदा डिप्लोमा पूर्ण केला. तुमच्या चाकण प्लांटमध्ये क्वालिटी ट्रेनीची जागा कंपनीच्या साइटवर दिसली, जॉब आयडी खाली दिलाय. रेझ्युमे जोडला आहे. मला रेफर करता येईल का? आणि त्या डिपार्टमेंटमध्ये सध्या कुठल्या पार्टवर काम चालतं, यावर पाच मिनिटं फोनवर बोलता येईल का? जमत नसलं तरी हरकत नाही."

एवढं पुरे. सोबत गुड मॉर्निंगची फुलं नकोत, लागोपाठ मिस्ड कॉल नकोत. फोनची वेळही बघ. पाळी चालू असताना शॉप फ्लोअरवरचा माणूस बोलू शकत नाही. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. गुरुवारी सकाळी अकराला केलेला फोन निवांत उचलला जातो.

क्रम चुकवू नकोस. आधी ओळखीच्याला सांग, मग अर्ज कर. बऱ्याच कंपन्यांत तुझा अर्ज आधीच पोर्टलवर असला तर रेफरल धरला जात नाही. रेफर केलेला माणूस लागला की कर्मचाऱ्याला बक्षीस देण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून विचारताना मान खाली घालायचं कारण नाही. मात्र तो आपलं नाव तुझ्यापुढे लावतोय, हे विसरू नकोस. मुलाखतीला गेला नाहीस, उशिरा पोचलास किंवा खोटं बोललास, तर त्याचं त्याच्या साहेबापुढचं वजन कमी होतं. एकाच कंपनीतल्या तिघांना एकाच जागेसाठी गळ घालू नकोस. त्यांना ते एकमेकांकडून कळतंच.

निकाल काहीही लागो, त्याला कळव. "नाही झालं दादा, जीडी अँड टी वर अडलो, आता शिकतोय" हा निरोप पाठवणारा पोरगा लक्षात राहतो. पुढची जागा निघाली की फोन त्यालाच येतो.

पैसे मागितले की फोन ठेव

नोकरी देण्यासाठी खरी कंपनी पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, गणवेश, मेडिकल, नाव काहीही असो. ऑफर लेटर जीमेलच्या पत्त्यावरून आलं, मुलाखत नुसती टेलिग्रामवर चॅटमध्ये झाली, "आजच्या आज भरा नाहीतर जागा जाईल" असं कुणी म्हणालं, तर लबाडी आहे असं समज. कंपनीच्या अधिकृत साइटवरचा क्रमांक शोधून तिथे विचार. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नकोस. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन कर, जितका लवकर करशील तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नकोस, दाखवून परत घे. आखाती देशातली नोकरी कुणी देऊ केली, तर तो एजंट नोंदणीकृत आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघितल्याशिवाय पासपोर्ट हातातून सोडू नकोस.

ऑफर हातात आली की कागद वाच

सीटीसीचा आकडा म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. बऱ्याचदा कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा, कधी कँटीन आणि बसही त्यातच मोजलेली असते. "इन हँड किती?" हे सरळ विचार, त्यात उद्धटपणा नाही. नेमणूक कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या, प्रोबेशन किती, बाँड आहे का, नोटीस किती, हे सही करण्याआधी बघ. पुढे नोकरी बदलशील तेव्हा नवं ऑफर लेटर लेखी हाती आल्याशिवाय राजीनामा टाकू नकोस आणि जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. अनुभवाचे महिने फुगवू नकोस. पीएफच्या यूएएनवर कुठल्या कंपनीनं कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते दिसतं, आणि पडताळणी करणारे तेच आधी बघतात.

आता कामाला लाग. आज रात्री वहीत मधल्या ओळखीची वीस नावं लिही, रेझ्युमे एका पानावर आण, आणि येत्या गुरुवारी पहिले तीन फोन कर. लागलास की तुझ्या कॉलेजचं कुणी पोरगं असाच मेसेज पाठवेल. त्याचा रेझ्युमे नीट वाच, चुका सांग, आणि योग्य वाटला तर त्याच दिवशी पुढे पाठव.