माहिती गोळा झाली; पुढे काय?

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पीएच.डी. करणारे प्राध्यापक उभे राहतात. परंतु दुसऱ्या वर्षाच्या क्षेत्रप्रकल्पासाठी आपण वहीत मुलाखती उतरवतो, मोबाईलवर आवाज मुद्रित करतो, तीही संशोधनाची सामग्रीच होय. ती जमवावी कशी हे आपल्याला शिकवले जाते. ठेवावी कशी, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. आजीला अक्षरओळख नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ. तिच्या व आळीतल्या आणखी चौघींच्या ओव्या मी प्रकल्पासाठी घेतल्या. त्याआधी नमुना पाहावा म्हणून सरांच्या परवानगीने विभागातले जुने कपाट उघडले. आत पूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या वह्या होत्या. काहींना वाळवी लागलेली. पण वाळवीपेक्षाही एका धडधाकट वहीचे मला अधिक वाईट वाटले. वळणदार अक्षरात दोनशेवर ओव्या, आणि त्या कोणी सांगितल्या, कोणत्या गावी, कोणत्या साली, यातले काहीही नाही! कागद टिकला, बाई हरवली.

नोंद कशी असावी याचा वस्तुपाठ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली तेथे संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. कोशाचा पहिला भाग निघाला १९७६ साली. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा एक आणि वर्षानुवर्षांनी ती वापरणारा भलताच कोणी. चिठ्ठीवर शब्दाबरोबर ग्रंथ व त्यातील स्थळ लिहिलेले असल्यामुळेच हे शक्य झाले.

ओव्यांच्या बाबतीत हेच काम हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी केले. १९८० नंतरच्या काळात त्यांनी व गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर बसविल्या, शंभरावर तासांचे ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने येऊ लागल्या. गाणारीचे नाव, गाव, तालुका जागच्या जागी असल्याने आज कोणालाही एकाच गावच्या ओव्या काढता येतात.

संगणकावर ठेवले म्हणजे झाले, असाही एक समज आहे. आमच्या त्याच कपाटात एक सीडी होती. तिच्यातला मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला. अशा फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट संगणकात नसेल तर पडद्यावर निव्वळ रोमन खिचडी दिसते. (वाळवी परवडली, ती निदान काही पाने सोडते.) म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. ‘रेकॉर्डिंग १७’ असले नाव फाईलला देऊ नये. आधी वर्ष, मग महिना, तारीख, गाव असे दिले की यादी आपोआप क्रमाने लागते. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून नेहमीप्रमाणे पाठवली तर लहान होतात, आणि ती केव्हा काढली ही आतली नोंदही गळते. मूळ प्रत निराळी ठेवावी. एकूण तीन प्रती असाव्यात व त्यातली एक दुसऱ्या इमारतीत असावी, कारण छत गळते ते एकाच खोलीचे नसते.

हे सारे सोपे. अवघड भाग निराळाच आहे. आमच्या थोरल्या काकूंनी सासरच्या जाचाच्या ओव्या सांगितल्या आणि जाते थांबवून म्हणाल्या, “लिव्ह पोरी, पर माजं नाव नगं घालूस.” आता नाव न लिहावे तर त्या निनावी वहीत आणि माझ्या वहीत फरक काय? लिहावे तर काकूंचा शब्द मोडतो. सरांशी बोलून असे ठरवले की वहीत फक्त क्रमांक घालायचा, आणि क्रमांकापुढचे नाव वेगळ्या नोंदवहीत, कुलपात. कुलूप कोणी व कधी उघडावे, हेही काकूंनाच विचारले. “मी गेल्यावर,” त्या म्हणाल्या. ते तसेच लिहिले आहे. माझ्या मते अशी अट लिहून घेणे हे ओवी लिहून घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर ठेवण्याची सोय यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून झाली. बी.ए.च्या वह्यांना गंगा नाही, निदान एक आड तरी असावा! पुस्तकाला जसा दाखल क्रमांक असतो तसाच प्रकल्पाच्या सामग्रीला द्यावा, ही आमची विनंती ग्रंथपालांनी मान्य केली आहे. नोंदवही देवघेवीच्या टेबलावर आहे. तिच्यात विषय, गाव, तारीख, किती पाने, किती मिनिटे आणि सांगणाऱ्याची अट, एवढेच रकाने आहेत. मराठीच्या अकरा जणांनी नोंद केली. भूगोलाच्या मित्रांनी विहिरींच्या पाण्याची मापे घेतली आहेत, ती अद्याप त्यांच्या मोबाईलमध्येच आहेत. परीक्षेआधी आणून द्यावीत.