मेहरबाईंच्या नावाचा निधी

वालूर गावात जुन्या बारवा आहेत. बांधणारे केव्हाच गेले. बारवा राहिल्या. गेलेल्या माणसाच्या नावानं विहीर किंवा पाणपोई बांधायची आपली जुनी रीत आहे. तशीच ही एक गोष्ट ऐका.

मुंबईला सर दोराबजी टाटा राहत. १९३१ साली त्यांच्या पत्नी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगानं वारल्या. घरी पैसा होता, मोठे डॉक्टर होते; पण औषधच नव्हतं!

१९३२ साली दोराबजींनी पत्नीच्या नावानं निधी काढला. निधी म्हणजे एका कामासाठी बाजूला ठेवलेला पैसा. त्याच्या उत्पन्नातला मोठा वाटा या आजारावर संशोधन करणाऱ्यांना द्यायचा. मग तो माणूस कोणत्याही देशाचा असो. त्याच वर्षी दोराबजीही वारले. निधी मात्र चालू राहिला. भारतातल्या विद्यार्थ्यांनाही त्यातून संशोधनासाठी मदत मिळाली.

आज हा कर्करोग झालेली पुष्कळ मुलं उपचारानं बरी होतात. जगभरच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं खपून हे साधलं.

पण अजून काही आजार उरले आहेत. म्हातारपणी एखाद्याला घरची वाट आठवत नाही. पोटची मुलं ओळखू येत नाहीत. लोक म्हणतात, “म्हातारा चळला.” तसं नव्हे. पुष्कळदा तो अल्झायमर नावाचा मेंदूचा आजार असतो. तो पुरता बरा करणारं औषध अजून नाही. ते शोधायला शिकलेली मुलं हवीत. त्यांच्या शिक्षणाला पैसा हवा.

तेराव्याचं जेवण एका दिवसात संपतं. गेलेल्याच्या नावानं एक मूल शिकवलं, तर त्याचा उपयोग पुढच्या पिढ्यांना होतो.

सांगा पाहू : आपल्या गावात कोणाच्या नावानं काय करता येईल?