मुलाची फाइल एक, तर आजाराची ओळख नेमकी

काही मुलांचे आजारपण एका डॉक्टरपुरते नसते. सिकलसेलचेच पाहू. आजार रक्ताचा, पण त्याने हाडे-सांधे दुखतात, पांथरी बिघडते, जंतुसंसर्ग लवकर होतो. काही मुलांना कोवळ्या वयात पक्षाघातही होतो. विदर्भातील आपल्या वस्त्यांना हे नवीन नाही. अशा मुलाला साधा ताप आला तरी थांबून चालत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

ही मुले आधीच कशी ओळखायची? अमेरिकेत सिअॅटलच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१४ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णालयाच्या संगणकात प्रत्येक निदानाला एक सांकेतिक क्रमांक असतो. त्या नोंदी तपासून मुलांचे तीन गट करतात: दीर्घ आजार नसलेली, दीर्घ पण साधा आजार असलेली आणि गुंतागुंतीचा आजार असलेली. शरीराच्या दोन किंवा अधिक संस्थांत मोठा दीर्घ आजार, वाढत जाणारा आजार, कर्करोग किंवा यंत्राच्या आधारावर जगणे, अशी मुले तिसऱ्या गटात येतात. त्यांच्याकडे आधी लक्ष देता येते.

पण संगणकाला लिहिलेले तेवढेच दिसते. सिकलसेलचा क्रमांक डी ५७, नुसत्या तापाचा आर ५०. आज सरकारी दवाखाना, उद्या खासगी, परवा मामाच्या गावचा, आणि प्रत्येक केसपेपरवर फक्त 'ताप, अंगदुखी'. मग संगणकाच्या लेखी ते मूल धडधाकटच राहते. हे नुकसान सर्वांत जास्त आपल्याच मुलांचे होते.

म्हणून आपण घरी एवढे करूया:

१. केसपेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, लसीकरण कार्ड तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये लावा. प्रत्येक दवाखान्यात ती न्या.

२. "डॉक्टर, आजाराचे नाव कागदावर लिहून द्या," असे न संकोचता सांगा. तो आपला हक्क आहे.

३. मुलाचे नाव व जन्मतारीख सगळीकडे सारखीच लिहा. घरी हाक मारायचे नाव एका ठिकाणी, शाळेतले दुसऱ्या ठिकाणी, असे झाले की एका मुलाच्या दोन नोंदी होतात.

४. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, फाइल दाखवा.

५. १४ अंकी आभा क्रमांकाने वेगवेगळ्या दवाखान्यांतील नोंदी जोडता येतात. तो काढणे ऐच्छिक आहे आणि नोंदी आपल्या संमतीनेच दाखवल्या जातात. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही देण्याआधी कशासाठी हवा ते विचारा.

लग्नाच्या वेळी अडचण येईल या भीतीने काही घरे सिकलसेलचे नाव लपवतात. लपवलेला आजार बरा होत नाही. ऐन वेळी डॉक्टरांना मात्र तो कळत नाही. वाचता न येणाऱ्या आईबापांची फाइल लावून देणे हे वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींचे काम आहे. या रविवारी एका घरापासून सुरुवात करूया.